१६० सीसीवर पहिली ग्रुप राइड, कराड–कोयनानगर–गुहागर, २६ जानेवारी. जाऊ का?

कॅशियरबाई
नमस्कार मंडळी. मी कराडची, नोकरी पाटणला एका बँकेत, गाडी १६० सीसी. रोज कराड–पाटण जाऊन-येऊन करते, त्यामुळे मल्हारपेठ, नवारस्ता या पट्ट्यातला खड्डान् खड्डा तोंडपाठ आहे. पण पाटणच्या पुढे स्वतः गाडी चालवत कधी गेले नाही, आणि ग्रुपबरोबर तर कुठेच नाही.

आता इथल्या एका रायडिंग ग्रुपची २६ जानेवारीची राइड ठरली आहे. यंदा सोमवार आलाय, चौथा शनिवार धरून मला सलग तीन सुट्ट्या, म्हणजे 'सुट्टी नाही' ही सबब संपली. ओळखीतल्या एकाने ग्रुपात अ‍ॅड केलं. मेसेज असा आहे: पहाटे पाचला कोल्हापूर नाका, कोयनानगरला झेंडावंदन, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागरला जेवण आणि समुद्र, रात्रीपर्यंत कराड. आतापर्यंत २३ गाड्यांची नावं आली आहेत. बहुतेक सगळ्या ३५०, दोन ६५०, एक ३९०. १६० वर मी एकटीच. बाई म्हणूनही मी एकटीच, एक जोडपं सोडलं तर, आणि त्यातली ती मागे बसणार आहे.

मेसेजच्या खाली ठळक अक्षरात लिहिलंय, "स्पीड मेंटेन करा, कुणीही मागे राहायचं नाही." ते वाचून पोटात गोळा आला. मी साठ-सत्तरच्या वर जात नाही. जमत नाही म्हणून नव्हे, मला जायचं नसतं म्हणून.

विचारायचं आहे ते एवढंच की या गाडीवर हे झेपेल का, ग्रुप बरा आहे की नुसता आवाज आहे हे आधी कसं ओळखायचं, आणि दहा हजारांत अंगावर काय काय घ्यावं. आत्ता माझ्याकडे फक्त हेल्मेट आहे, तेही गाडीबरोबर शोरूमवाल्याने दिलेलं.

आई म्हणते, एवढी हौस असेल तर एस.टी.ने जा गुहागरला. बाबा काही बोलत नाहीत, पण काल न सांगता माझ्या गाडीत हवा भरून आले.

धूर_संगटच
मॅडम, आधी ३५० घ्या, मग राइडचं बघू. १६० कुंभार्लीत ढकलत न्यावी लागंल.

शेवटचा_गडी
वरच्या भावाचं मनावर घेऊ नका. कुंभार्लीतून दुधाचे कॅन लावलेल्या शंभर सीसीच्या गाड्या चढतात. घाटात कुणाचीच गाडी चाळीस-पन्नासच्या वर नसते, नसावी. तुमची गाडी हलकी आहे, वळणावर ऐकते. जाताना उतार आहे, तिथं इंजिनची ताकद लागतच नाही. येताना चढावर तिसऱ्या गिअरला आरामात येईल.

ताई, मी सांगलीकडचा. आमच्या ग्रुपात मी बरीच वर्षं सगळ्यात मागे चालवतोय. त्याला स्वीप म्हणतात. पुढं चालवणाऱ्याचे फोटो येतात, माझे येत नाहीत, पण ग्रुप कसा आहे ते मागूनच दिसतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

अ‍ॅडमिनला फोन करा आणि एकच गोष्ट विचारा: स्वीप कोण आहे? "तसं काही नाही, सगळे एकत्रच असतो" असं उत्तर आलं तर जाऊ नका. नाव सांगितलं तर विचारा, त्याच्याकडे पंक्चरचं सामान आहे का, हवा भरायचा पंप आहे का, मलमपट्टीची पेटी आहे का. स्वीपचं काम साधं असतं. कुणालाही ओव्हरटेक करायचं नाही. जो थांबेल त्याच्याजवळ थांबायचं. तो निघाल्यावरच निघायचं. कुणाला लघवीला थांबावंसं वाटलं तरी. त्यामुळे "कुणीही मागे राहायचं नाही" हे वाक्यच उलटं आहे. मागे राहण्याची सोय करणं हे ग्रुपचं काम, रायडरचं नव्हे.

आता स्पीड मेंटेनचं बघा. पुढचा गडी सत्तरवर चाललाय. उसाचा ट्रॅक्टर आला, त्याने काढला, गेला. दुसऱ्याच्या समोरून एस.टी. आली, तो दाबून थांबला. तिसरा त्याच्यामागे. ट्रॅक्टर ओलांडेपर्यंत पुढचा अर्धा किलोमीटर गेलेला असतो. आता दुसरा ऐंशी मारतो. तिसरा नव्वद. बाराव्या माणसाला तेवढंच अंतर भरून काढायला शंभर-एकशेदहा मारावे लागतात. पुढच्याला वाटतं, आपण तर निवांत चालवतोय. नवा माणूस, छोटी गाडी, घाबरलेला गडी, हे सगळे आपोआप मागे ढकलले जातात आणि सगळ्यात जास्त पळायला त्यांनाच लागतं. म्हणून नवखा नेहमी लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढं चालवणाऱ्याच्या, लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर. लीडने आरशात त्यालाच बघत चालवायचं. तुम्हाला दुसरा नंबर द्यायला तयार असतील तर ग्रुप बरा. "तुम्ही मागं-मागं या सावकाश" म्हणाले तर समजून घ्या.

२३ गाड्या एका रांगेत हा तर निव्वळ फोटोचा हिशोब आहे. तो रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६६ ई, पाटणच्या पुढं बऱ्याच ठिकाणी येणारा-जाणारा एवढीच जागा. एखाद्या कारवाल्याला पुढं जायचं असेल तर त्याने २३ गाड्या कशा ओलांडायच्या? तो मध्येच घुसतो, आणि घुसतो तेव्हा कुणाच्या तरी हँडलवर येतो. पाच-सहाच्या तुकड्या करायच्या, दोन तुकड्यांत दहा मिनिटं. प्रत्येक तुकडीला आपला लीड, आपला स्वीप. सरळ रस्त्याला एक डावीकडून एक उजवीकडून असं आडवंतिडवं चालायचं, पुढच्याच्या आणि आपल्यात दोन सेकंद. घाट लागला, गाव लागलं, पूल आला की एकामागं एक.

फाट्यावर कुणी चुकू नये म्हणून आमच्यात अशी पद्धत आहे की वळण आलं की लीडच्या मागचा तिथं बाजूला थांबतो, स्वीप येईपर्यंत हलत नाही. चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा हायवे आडवा येतो, तिथं असा माणूस उभा पाहिजेच. तो असला की पुढचा दिसला नाही तरी जीव टांगणीला लागत नाही, आणि जीव टांगणीला नसला की माणूस पळत नाही.

एक सांगतो, हे मी मागून बघितलेलं आहे. आंबोलीच्या वाटेवर एका राइडला पुढच्याने एस.टी. काढली आणि हात हलवून मागच्यांना 'या' केलं. दुसरा गेला, तिसरा गेला. चौथा त्या हाताकडे बघून गेला, रस्त्याकडे बघून नाही. समोरून टेम्पो. पोरगं डावीकडं एस.टी.च्या मागच्या चाकापाशी घुसलं, ब्रेक दाबला, पडलं. हसळी मोडली, बाकी वाचला. १०८ ला मी फोन लावला, अँब्युलन्स आली, त्याला नेलं. पुढच्या तिघांना हे कळलं ते चहा पिऊन झाल्यावर. ओव्हरटेक ज्याचा त्याने ठरवायचा. पुढच्याने कितीही हात हलवला तरी समोरचा रस्ता आपल्या डोळ्याने मोकळा दिसल्याशिवाय जायचं नाही. राइडच्या आधी सगळ्यांसमोर हे बोलणारा अ‍ॅडमिन चांगला.

आता वेळ. पाचला निघणं मला अजिबात पटलेलं नाही. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम जोरात. तुम्ही रोज जाता पण उजेडी. अंधारातला तो रस्ता वेगळा आहे. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रेडियम, ऊस दोन्ही बाजूंनी फूट-दीड फूट बाहेर आलेला. टेप एवढा मोठा की हॉर्न ऐकू जात नाही. त्यात अंगद (ट्रॅक्टरमागं ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या), बैलगाड्या. चालती ट्रॉली तरी परवडली. पंक्चर झालेली उभी असते ती जास्त वाईट. ड्रायव्हर तिच्या मागं रस्त्यावर पाच-सहा मोठे दगड लावतो, 'इथं गाडी आहे' म्हणून. पंक्चर निघतं, ट्रॉली जाते, दगड तिथंच. पहाटे धुक्यात चाळीसच्या स्पीडला हेडलाइटमध्ये तो दगड दिसेपर्यंत चाक त्याच्यावर असतं. तसंच वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, पडलेलं असतं रस्त्यावर. दंव पडल्यावर त्या हिरव्या पाल्यावरून चाक सरकतं, उसाची कांडकी चाकाखाली आली तर हँडल हातातून फिरतं. ब्रेक न दाबता, गाडी सरळ ठेवून जाऊ द्यायची.

आणि पाचला निघून करणार काय? कोयनानगर साठ किलोमीटरच्या आत आहे. साडेसहाला पोचाल, अजून उजाडलेलं नसेल. झेंडा कोण लावणार, वॉचमन?

साधनांचं वेगळं लिहितो. आत्ता दुकान उघडायचंय.

कॅशियरबाई
बापरे, एवढं सविस्तर. मनापासून आभार. ते दगड! मी रोज बघते, आणि रोज वाटतं हे कुणी टाकले असतील.

झेंड्याची वेळ मलाही खटकली होती. मुख्य शासकीय कार्यक्रम सव्वानऊला असतो आणि साडेआठ ते दहा या वेळात दुसरीकडे ठेवू नका असं परिपत्रक असतं, म्हणून शाळा, सोसायट्या सगळे साडेआठच्या आत उरकतात. मग कराडमध्येच साडेसातला झेंडावंदन करून निघालं तर?

पॉलिसीवाला
एक रुक्ष गोष्ट, पण राइडच्या आधी बघाच. आरसी कुणाच्या नावावर आहे? गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो आरसीवर नाव असलेल्या मालकालाच लागू होतो, आणि लायसन्स असेल तरच. गाडी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आणि चालवणारी मुलगी किंवा बायको, हे घरोघरी आहे. तिला त्यातून काही मिळत नाही. वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, हप्ता फार नसतो.

दुसरं, शर्यत किंवा वेगाची चाचणी चालू असताना झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. ग्रुपात कुणी 'टॉप स्पीड बघू' म्हणत मोबाइलवर शूटिंग करायला लागला तर त्या चौकटीत आपली गाडी नको.

कुणी जखमी दिसला तर 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ कलम आलंय, मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही.

कॅशियरबाई
गाडी बाबांच्या नावावर आहे. दिवसभर काउंटरवर बसून लोकांना विम्याची माहिती देते आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच बघते.

वाशिष्ठीची_लेक
मी चिपळूणची, स्कूटर १२५, कुंभार्ली माझ्या पायाखालचा. तुम्ही पहिल्यांदाच उतरणार आहात म्हणून सांगते.

हेळवाक सोडलं की घाट सुरू होईपर्यंत हवा थंड असते, बोटं आखडतात. वरती एकदा थांबून हात चोळून घ्या, मगच उतरा. आखडलेल्या बोटांनी ब्रेक नीट लागत नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे महाभाग दिसतील, त्यांच्यामागे राहू नका. दुसरा-तिसरा गिअर ठेवा, इंजिनच गाडी धरतं. ब्रेक धरून धरून उतरलात तर खाली पोफळीला येईतो ते तापून गुळगुळीत लागतात.

उजव्या वळणावर मधल्या रेषेपासून लांब राहा. गाडी आपल्या बाजूला असते, पण वाकल्यावर आपलं डोकं रेषेपलीकडे जातं हे लक्षात येत नाही. आणि वर चढणारी एस.टी. किंवा ट्रक वळण घेताना पूर्ण रस्ता घेतो, त्याला पर्यायच नसतो. वळणाआधी हॉर्न, आणि समोरून मोठी गाडी दिसली की तिला जाऊ द्या. माकडं असतात. लोक गाड्या थांबवून केळी देतात त्यांना, आणि नेमक्या वळणावर. तिथे थांबू नका, पिशवी उघडी ठेवू नका.

आता जे पुरुष मंडळी सांगणार नाहीत ते. थांबे कुठे आहेत हे आधी विचारून घ्या. 'कुठंही थांबू की, झाडी आहे' हे उत्तर आपल्या कामाचं नाही. पाटणला, कोयनानगरला आणि चिपळूणला अशी तीन ठिकाणं पक्की करून घ्या, आणि पाणी कमी पिऊन राइड करू नका. आपण सगळ्याजणी हेच करतो. दुपारी डोकं दुखायला लागतं ते उन्हाने नाही, त्याने. ओढणी नको, स्कार्फ बांधलात तर टोकं जॅकेटच्या आत.

चिपळूणहून गुहागर म्हणजे मार्गताम्हाने, शृंगारतळी करत जायचं, तासाभराच्या वर लागतो, वळणं संपत नाहीत. तीन सुट्ट्या जोडून आल्यात म्हणजे पुण्या-मुंबईच्या गाड्या असणारच, आणि त्यांना वाटतं समोरून कोणी येत नाही. गुहागरला पोरं गाडी वाळूत घालतील. तुम्ही घालू नका. स्टँड रुततो, गाडी आडवी होते, खारं पाणी चेनमध्ये जातं, आणि किनाऱ्यावर माणसं, लहान मुलं असतात. व्याडेश्वराजवळ गाडी लावा आणि चालत जा, समुद्र मागेच आहे.

एकटा_जीव
माझं मत वेगळं. ग्रुपात जायचंच कशाला? रोज एकटी पाटणला जाता ना? तशाच पुढे जा. आपला वेग, आपला चहा, कुणाचं ऐकायचं नाही. मी एकटाच फिरतो. जे अपघात बघितले ते बहुतेक कळपातलेच. पाचजण जमले की सगळ्यांची अक्कल सगळ्यात तरुण पोराएवढी होते.

शेवटचा_गडी
तुमचं अर्धं बरोबर आहे. ते तरुण पोराचं तर शंभर टक्के. पण घाटात मोबाइलची रेंज येते-जाते, आणि एकटा माणूस वळणाखाली घसरला तर वरून जाणाऱ्याला दिसत नाही. तुम्ही पुरुष, रात्री कुठंही चहाच्या टपरीला गाडी लावून बसाल. ताईंचं तसं नाही. दोघं-तिघं ओळखीचे मिळाले तर ग्रुपपेक्षा ते कधीही बरं, हे मात्र मानतो.

आता दहा हजारांचं.

शोरूमवालं हेल्मेट आधी बाजूला ठेवा. पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय शिक्का असलेलं, आपल्या मापाचं. माप म्हणजे काय, तर गालाला घट्ट लागलं पाहिजे, घालून डोकं हलवलं तर हेल्मेटबरोबर कातडी हलली पाहिजे. पट्टा बांधून मागून वर ढकलून बघा, पुढं निघून आलं तर ते नको. बायकांच्या डोक्याला बऱ्याचदा एस किंवा एक्सएस लागतं आणि दुकानदार एम गळ्यात मारतो, 'आत स्पंज दबतो' म्हणून. दबतो, आणि मग ते अजूनच सैल होतं. साडेतीन-चार हजार इथं घाला. काच साधी पांढरी घ्या. काळी काच संध्याकाळी आंधळं करते.

मग हातमोजे, तळहाताला जाड पॅड असलेले. माणूस पडताना हात टेकतोच, ते कुणालाही चुकत नाही. दीड हजारात चांगले येतात. गुडघ्याचे गार्ड हजार-बाराशे. घोटा झाकणारा बूट लागतो, पण रायडिंगचाच हवा असं नाही, एमआयडीसीत कामगार घालतात तो सेफ्टी शू चालतो. लेस आत खोचायची. उरलेल्यात जॅकेट बसणार नाही. ग्रुपात कुणाचं जुनं मिळतं, खांद्या-कोपराला आत कडक गार्ड आहेत ना ते दाबून बघायचं. नुसतं लेदरचं दिसायला भारी असतं, तेवढंच.

गाडीचं म्हणाल तर चेन साफ करून तेल, टायरची हवा थंड असताना तपासायची (ते वडील करतीलच), ब्रेक ऑइल बघून घ्या. तुमच्या गाडीला बहुतेक पुढच्याच चाकाला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) असेल, तसं असेल तर खडीवर मागचा ब्रेक पायाने जोरात मारायचा नाही.

आणि झेंडा. त्या दिवशी पोरं गाडीला मोठे झेंडे बांधतात. ध्वजसंहितेत मोटारीवर राष्ट्रध्वज लावायचा मान ठरावीक पदांवरच्या लोकांनाच आहे. ते सोडा, वाऱ्याने तो कापडाचा तुकडा मागच्या दिव्यावर येतो नाहीतर चाकात जातो. तुमच्या पुढच्याच्या गाडीला असला तर अंतर वाढवा.

एका दिवसात गुहागर होतं, पण ताणून. साडेसातला कराडहून निघालात तर बाराच्या पुढं पोचाल. अंधाराच्या आत पाटण गाठायचं तर दीडला परत फिरायला लागतं. सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, त्यानंतर परत तेच ट्रॉलीवाले, आणि तुम्ही दमलेल्या. जेवणात मासे हाणून लगेच निघालात तर डोळे मिटतात ते वेगळंच.

धूर_संगटच
मॅडम, वर बोललो ते चेष्टेत होतं. दगडाचं खरं आहे. आमच्या गावात एकाचा रिम बेंड झाला त्यानं.

कॅशियरबाई
अपडेट. अ‍ॅडमिनला फोन केला. आधी म्हणाला, "मॅडम तुम्ही टेन्शन नका घेऊ, आपण फॅमिली आहोत." मी म्हटलं, फॅमिलीत सगळ्यात मागे कोण चालवतं? जरा वेळ शांत. मग म्हणाला, मागच्या वेळी एकजण होता, यंदा ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन केला. चार तुकड्या करायला तयार झाला, प्रत्येकीला स्वीप. पंप एकाकडेच आहे, तो शेवटच्या तुकडीच्या स्वीपकडे राहील. माझा नंबर पहिल्या तुकडीत दुसरा. 'या' म्हणून हात हलवायचा नाही हे तो निघायच्या आधी सांगणार आहे, सांगतो का ते बघू. पाचची वेळ मात्र सोडत नाही. म्हणतो, पोरांना पहाटेचा फील पाहिजे, आणि गुहागरला जास्त वेळ मिळतो. यावर बरंच बोलणं झालं, तो हलला नाही.

मग मी असं ठरवलंय. पाचला मी जाणार नाही. कराडला आमच्या कॉलनीतलं साडेसातचं झेंडावंदन करून उजेडात निघायचं, कोयनानगरपर्यंत. बँकेतला एक सहकारी आणि त्याची बायको दोघं वेगवेगळ्या स्कूटरवर येतायत, म्हणजे आम्ही तिघं. ग्रुप तेव्हा बराच पुढे गेलेला असेल, असू दे. वेळ उरला आणि हात आखडले नाहीत तर कुंभार्लीच्या माथ्यापर्यंत जाऊन बघू, उतरायचं की नाही ते तिथे ठरवू. अ‍ॅडमिनला सांगितलं की पुढची राइड उजाडल्यावर निघणार असेल तर माझं नाव पहिलं लिही. तो 'नक्की नक्की' म्हणाला.

विमा काढला. हेल्मेट घेतलं. दुकानदाराने एम दिलं, तोच स्पंजवाला डायलॉग अगदी शब्दन् शब्द. एस मागितलं तर आतून शोधून आणलं, त्यावर धूळ होती. आता गाल दुखतात, म्हणजे बरोबर असावं.

शेवटचा_गडी, गुडघ्याचे गार्ड पँटच्या आतून घालायचे की बाहेरून?

शेवटचा_गडी
गाल आठ-दहा दिवसांत बसतात. कपाळ दुखत असेल तर मात्र बदलून घ्या, तो आकाराचा प्रश्न आहे.

गार्ड बाहेरून, आणि खालचा पट्टा आधी बांधायचा. पँट जरा सैल घाला. घरात बाजेवर गाडीसारखं बसून बघा, गुडघा वाकल्यावर वाटी गुडघ्यावर राहिली पाहिजे. उभं राहून बांधलं तर बसल्यावर ते नडगीवर उतरतं. आणि त्या दोघा स्कूटरवाल्यांपैकी जो सावकाश चालवतो त्याला मधे घ्या.

कॅशियरबाई
सावकाश त्याची बायको नाही, तोच चालवतो. सांगते त्याला.